सात तारखेला जमा, आठ तारखेला वजा

माझ्या नावाचं एटीएम कार्ड मी सहा वर्षं हातात धरलं नव्हतं. ते दुकानात, गल्ल्यामागच्या लोखंडी पेटीत असायचं. बाकीच्या तेरा कार्डांसोबत, रबरबँड लावून. पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर मुनीमजींच्या बारीक अक्षरात माझं नाव आणि पिन. माझा पिन मलाच ठाऊक नव्हता, हे आता सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटायची नाही. सगळ्यांचंच तसं होतं.

दुकान कापडाचं. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मेन रोडवर दोन मजली. खाली साड्या आणि बस्ता, वर रेडिमेड. मी खालच्या मजल्यावर अकरा वर्षं साड्या दाखवल्या. माझं गाव तिथून नऊ किलोमीटर. सकाळी ऑटोनं यायचं, दहाला झाडू मारून काउंटरमागे उभं राहायचं, ते रात्री साडेनऊला शटर खाली येईपर्यंत. लगनसराईत अकरा वाजायचे. बस्त्याचं गिऱ्हाईक म्हणजे नवरीकडचे पंधरा-वीस जण. ते गादीवर बसणार, चहा घेणार, आणि आम्ही उभ्यानं एकेक पदर उलगडून दाखवणार. मानपानाच्या साठ साड्या घ्यायच्या असल्या तर तीनशे उघडाव्या लागतात. ते गेले की त्या तीनशेंच्या घड्या. बसायला काही नव्हतं. शेठजींचं म्हणणं, बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकानात धंदा नाही.

बायांसाठी संडासही नव्हता. आम्ही बसस्टँडवर जायचो, तेही दोघी-दोघी, दिवसातून एकदा. त्यामुळे पाणी कमी पिण्याची सवय लागली. ती अजून पुरती सुटली नाही.

पगाराची गंमत अशी. आधी रोख मिळायचा, कच्च्या वहीत सही करून. नोटबंदीनंतर शेठजींनी सगळ्यांची बँकेत खाती काढून दिली. आम्ही खूश. मग कार्डं आली आणि मुनीमजींनी ती 'सांभाळायला' ठेवून घेतली. सात तारखेला खात्यात सरकारी दराप्रमाणे पूर्ण पगार जमा व्हायचा, 2022 साली अकरा-बारा हजारांच्या घरात. आठ तारखेला मुनीमजी कार्डांचा गठ्ठा घेऊन चौकातल्या एटीएमवर जायचे आणि प्रत्येकीच्या खात्यातून साडेचार हजार काढून आणायचे. ते दुकानाचे. उरलेले आम्ही बँकेत रांग लावून, स्लिप भरून काढायचो. कागदावर दुकान एकदम स्वच्छ.

आमच्यापैकी कुणीच कधी तक्रार केली नाही. मुनीमजी म्हणायचे, बाहेर चार हजारांत पोरी मिळून राह्यल्या, तुम्हाले सात भेटते. ते खरंही होतं. आणखी एक खरं सांगते. माझी सासू गेली तेव्हा शेठजींनी न मागता पाच हजार दिले होते आणि परत मागितले नव्हते. माणूस वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पूर्णपणे वाटत नाही. पण पाच हजार एकदा दिले आणि साडेचार हजार दर महिन्याला घेतले, हा हिशेब कुणीतरी मांडून दाखवेपर्यंत डोक्यात आला नव्हता.

मला संघटनेकडे नेलं माझ्या पायांनी. 2022 च्या उन्हाळ्यात पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. मी हसले. नणंद अंगणवाडी सेविका आहे, एका कामगार संघटनेत. तिनं मोबाइलवर केरळमधल्या बायांचा एक व्हिडिओ दाखवला. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या सेल्सवुमन, आमच्यासारख्याच. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं त्यांना एकत्र केलं, आधी संडासासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी त्या भांडल्या. 2018 मध्ये केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायची सोय सक्तीची केली. तामिळनाडूनं 2021 मध्ये तेच केलं. मल्याळम मला कळत नव्हतं, पण त्या बायांच्या मागची साड्यांची रॅक ओळखीची होती.

नणंद म्हणाली, "चाल, काकाले भेट." काका म्हणजे त्यांच्या संघटनेचे जिल्ह्यातले पुढारी. पुलगावच्या कॉटन मिलमध्ये फिटर होते, मिल बंद झाल्यावर हेच काम करतात. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे शिपाई, मार्केट यार्डातले हमाल, सगळे एकाच संघटनेत. दुकानातलं कुणी तोवर त्यांच्याकडे आलं नव्हतं.

पोळ्याच्या आठवड्यात सकाळी आठला आमच्या गावच्या समाजमंदिरात बैठक ठेवली. चौदापैकी सात आलो, सहा बाया आणि वरच्या मजल्यावरचा एक भाऊ. काकांनी सुरुवात केली नारायण मेघाजी लोखंड्यांपासून. 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना, 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी. आम्हाला जांभया. रविवारीच तर आमच्याकडे सगळ्यात जास्त विक्री, आणि महिन्याला सुट्ट्या दोन. काका हे भाषण प्रत्येक बैठकीत देतात हे नंतर कळलं. पण मग त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ विचारलं, "हातात किती येते?"

मी सांगितलं. कार्डांचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "पासबुकं छापून आना. सगळ्याइची."

पुढच्या बैठकीला सात पासबुकं आली. काकांनी ती सतरंजीवर एकाशेजारी एक उघडून ठेवली, सगळ्यांचं मार्च महिन्याचं पान. माझं पासबुक मी शंभरदा पाहिलं असेल, पण दुसरीचं कधी पाहिलं नव्हतं. सातही पानांवर 7 तारखेला जमा. सातही पानांवर 8 तारखेला एटीएम, 4,500. मग एप्रिल. मग मे. एका ताईच्या पानावर मात्र 8 तारखेला 3,000 आणि 10 तारखेला 1,500 असं होतं. तिच्या बचतगटाच्या कर्जाचा हप्ता आधीच कटला होता म्हणून पूर्ण रक्कम निघाली नव्हती. मुनीमजी तिला त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले होते, हे मला आठवलं.

"अवं माय," ती ताई म्हणाली, "हे तं इथं लिहूनच हाये."

काकांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण हे दुकानात काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. आमच्या दुकानाचे गुमास्ता परवाने दोन. खालचा शेठजींच्या नावावर, वरचा शेठाणींच्या. कागदावर सात आणि सात. कारण 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याच्या बहुतेक तरतुदी तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असले तरच लागायच्या. (2025 मध्ये राज्य सरकारनं तो आकडा वीसवर नेला. आमच्यासारख्या गावांत वीस माणसं ठेवणारी दुकानं बोटावर मोजण्याइतकी.) पण किमान वेतनाचं तसं नाही. 1948 चा तो कायदा दुकानात एकच नोकर असला तरी लागू होता. त्यातच आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांचे पैसे यांचीही सोय होती. किमान वेतन आणि हाती आलेला पगार यांतल्या फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लावायचा अधिकारही त्यात होता. मेख एकच, दावा सहा महिन्यांच्या आत करायचा. म्हणजे माझ्या सहा वर्षांपैकी साडेपाच वर्षं पाण्यात. हे ऐकून मी तिथंच रडले. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला आणि त्यात हीच मुदत तीन वर्षांची आहे. आम्ही लवकर भांडलो, एवढंच.

भाऊनं विचारलं, आपली वेगळी युनियन काढायची का? काका म्हणाले, 1926 च्या कायद्यानं नोंदणीला किमान सात सभासद लागतात, तुम्ही बरोब्बर सात आहात, एक जण फुटला की संपलं. त्यापेक्षा आमच्यात या. महिन्याला वीस रुपये वर्गणी, पावती मिळते. ती पावती मी ब्लाउजच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली लपवून ठेवली. नवऱ्यालाही दोन महिने सांगितलं नाही.

मागणीपत्र दसऱ्याच्या आधी गेलं, रजिस्टर पोस्टानं, पोहोचपावतीसह. कार्डं परत द्या, पूर्ण पगार हाती द्या, आठवड्याला एक सुट्टी, नऊ तासांवरच्या कामाला दुप्पट दर, बायांसाठी संडास, बसायला स्टूल. भाषा इतकी जड होती की मला माझीच मागणी दोनदा वाचावी लागली. "उपरोक्त आस्थापनेतील महिला कामगारांना आसनव्यवस्था" म्हणजे स्टूल.

शेठजी दिवाळीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सीझन होता. उलट मिठाईचा डबा दरवर्षीपेक्षा मोठा आला. दिवाळी झाली आणि एकेकीला गल्ल्यावर बोलावणं सुरू झालं. "आपण एका घरचे. घरातलं भांडण रस्त्यावर नेतात का?" दोघींनी माघार घेतली. एकीचा मुलगा शेठजींच्याच भावाच्या दुकानात कामाला, दुसरीवर उचल होती. आम्हाला राग आला होता, पण काकांनी त्यांची पासबुकं कसलाही टोमणा न मारता परत केली. भाऊला गोडाउनमध्ये टाकलं, गाठी उचलायला.

14 नोव्हेंबर 2022 ला मुनीमजी मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

तोंडी. कागद नाही.

मी रडत काकांना फोन केला. वाटलं होतं मोर्चा काढतील, घोषणा देतील. ते म्हणाले, "उद्या दहा वाजता दुकानावर जाय. आत नाई घेतलं तं दारात उभी राह्य. अन् संध्याकाळी पोस्टात ये." कारण मालक पुढे म्हणतो, बाईनं स्वतःच काम सोडलं. म्हणून रोज हजर राहायचं आणि रोज पत्र टाकायचं, मी कामावर आले होते, मला घेतलं नाही. मी बारा दिवस दुकानासमोर उभी राहिले. पहिल्या दिवशी पाय थरथरत होते. चौथ्या दिवशी समोरच्या भांड्याच्या दुकानातल्या पोरानं खुर्ची आणून दिली. अकरा वर्षांत त्या रस्त्यावर मी पहिल्यांदा बसले, ती कामावरून काढल्यावर. बारा रजिस्टर पोस्टांच्या पावत्या माझ्याकडे अजून आहेत.

1971 चा महाराष्ट्राचा एक कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांचा. युनियनमध्ये गेली म्हणून काढणं ही त्यातली एक अनुचित प्रथा. कामगार न्यायालयात तक्रार नव्वद दिवसांत करायची. काकांनी तक्रार लिहून तयार ठेवली पण दाखल केली नाही. कोर्टात वर्षं जातात, आधी कामगार कार्यालयात समेट होतो का पाहू, म्हणाले. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली पडायची. मला ती फुली बघवायची नाही.

यवतमाळला तीन तारखा झाल्या. पहिल्या दोन्हीला शेठजींच्या बाजूनं कुणी आलंच नाही. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी, कारण तोवर मी कापूस वेचायला जात होते. वेचणीत वाकून कंबर जाते, पण दुपारी झाडाखाली बसता येतं, हे माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या तारखेला शेठजींचा कर सल्लागार आला. त्याचं म्हणणं छापील असल्यासारखं. पगार बँकेत दिला, पूर्ण दिला, पुढे त्यांनी आपल्या खात्यातून काय काढलं त्याच्याशी आमचा काय संबंध?

कामगार अधिकारी बाई होत्या. त्यांनी टेबलावर आमची पाच पासबुकं ओळीनं लावली, काकांनी लावली होती तशीच, आणि फूटपट्टी घेऊन एकाच रेषेत सरकवत नेली. पाचही पासबुकांवर तीच तारीख, तीच रक्कम, एटीएमचा तोच नंबर. मग पट्टी बाजूला ठेवून मला विचारलं, "तुमचं कार्ड कुठे आहे?"

"दुकानात."

"पिन सांगू नका. फक्त एवढं सांगा, तुम्हाला तो ठाऊक आहे का?"

"नाही."

त्यांनी बाकी चौघांनाही तेच विचारलं. मग त्या सल्लागाराकडे पाहून काही बोलल्या नाहीत, नुसतं पेनाचं टोपण काढलं. तो म्हणाला, मालकांशी बोलून सांगतो.

करार झाला 6 फेब्रुवारी 2023 ला, काढल्याच्या चौऱ्याऐंशीव्या दिवशी. लग्नाचे बस्ते सुरू व्हायची वेळ आली होती, आणि साठ साड्यांत नवरीच्या आत्याला कुठली आवडेल हे ओळखणारी बाई आठ दिवसांत तयार होत नाही. कायद्याइतकंच याचंही वजन पडलं असं माझं मत. काकांना ते पटत नाही.

मिळालं ते असं. पाच जणांना सहा महिन्यांचा फरक, प्रत्येकी 27,000. मला कामावर परत, मधल्या दिवसांचा अर्धा पगार. कार्डं परत, सगळ्या चौदा जणांना, माघार घेतलेल्यांनाही. आठवड्याला आळीपाळीनं एक सुट्टी. मागच्या अंगणात संडास. पाच स्टूल. मिळालं नाही ते जादा तासांचं. त्याची नोंद कुठेच नव्हती, माझ्या कॅलेंडरवर दुधाच्या लिटरशेजारी मी घरी पोचायची वेळ लिहायचे तेवढीच. सल्लागार हसला आणि काकांनी तो मुद्दा सोडून दिला. मला तो सोडायला नको होता. तसंच फरकातून दहा टक्के संघटनेला द्यायचे हे आम्हाला शेवटी कळलं. आधी सांगितलं असतं तरी दिलेच असते, पण आधी सांगायला हवं होतं. मी बैठकीत तसं बोलले. काका म्हणाले, "बरोबर हाये तुझं." आता सभासद होतानाच सांगतात.

भाऊ परत आला नाही. पैसे घेतले आणि नागपूरला एका मॉलमध्ये लागला. तिथं पगार बरा, पण नेमणूक ठेकेदाराची.

परतल्यावर पहिला बदल जाणवला तो चहाचा. पूर्वी दुकानातर्फे दोनदा चहा असायचा. करार झाला त्याच आठवड्यात तो बंद झाला. चहा मागण्यांत नव्हताच, म्हणून कागदावरही नव्हता. आता आम्ही वर्गणी काढून पितो. शेठजी माझ्याशी कामापुरतं बोलतात. 'बेटा' म्हणायचे, आता 'ताई' म्हणतात.

स्टूल आधी गोडाउनमध्येच ठेवले होते. मी एक उचलून काउंटरमागे आणला, मग बाकीचे आपोआप आले. एप्रिलमध्ये बस्त्याला आलेल्या एका बाईनं विचारलं, "बसूनच दाखवता का आता?" मी म्हटलं, "हाव मावशी, तुम्हीबी बसूनच पाहून राह्यल्या ना." ती हसली. बस्ता साठ हजारांचा झाला.

कार्ड हातात आलं तरी वापरता येत नव्हतं. बँकेत जाऊन नवा पिन घेतला. एटीएममध्ये लेक सोबत होती, सातवीतली. तिला दाराबाहेर उभं केलं आणि एकटीनं चार आकडे दाबले. पाचशे काढले. नोट कोरी होती.

मार्चच्या 10 तारखेला दुपारच्या सुट्टीत पासबुक छापायला गेले. मशीननं पान ओढलं, करकर आवाज करून बाहेर ढकललं. 7 तारीख, जमा. तिच्याखाली कोरी ओळ.